पुसट पट्ट्या

"इथं फक्त सही करायची आहे, चंदाताई. तारीख मी टाकून घेतो," असं म्हणत नागपूरच्या लॅबचे प्रमुख अतुल सरांनी कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

चंदाने चष्मा लावला. कागद इंग्रजीत होता, पण तीन वर्षं असले कागद वाचून तिला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं. भंडारा केंद्रावर गोळा केलेले रक्ताचे एकशे चौदा नमुने मोजणीच्या कामाचे राहिले नाहीत. कारण, नमुना घेतल्यानंतरच्या हाताळणीतली चूक. ही चूक केंद्राच्या तंत्रज्ञाकडून झाली आणि ती त्यांना मान्य आहे. खाली तिचं नाव टाइप केलेलं होतं : चंदा बाबुलाल रामटेके, प्रकल्प तंत्रज्ञ.

तीन वर्षांत संस्थेच्या एकाही अहवालावर तिचं पूर्ण नाव आलं नव्हतं. आज पहिल्यांदा आलं होतं.

"सर, हे हाताळणीनं नाही झालं," ती म्हणाली.

"तुम्हाला वाईट वाटणार, मला कल्पना आहे."

"वाईटाचं नाही म्हणत मी. ते रसायन आम्हाला दिलंच नव्हतं, म्हणून झालं. तुम्हालाही माहीत आहे."

सरांनी खुर्ची मागे केली. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवून बोलला नव्हता, नागपूरला गेलं की स्वतः चहा मागवायचा. "हे पहा, पैसे देणाऱ्यांना कारण द्यावं लागतं. पद्धतच चुकली असं लिहिलं तर इथली अख्खी लॅब बंद होते. पंधरा जणांचं काम जातं. हाताळणी चुकली म्हटलं तर फक्त भंडारा सेंटर बंद होतं, आणि ते तसंही होणारच आहे. तुम्हाला मी चांगलं सर्टिफिकेट देतो. पुढच्या प्रोजेक्टला नाव सुचवतो. सोमवारपर्यंत विचार करा."

चंदाने कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि ती भंडाऱ्याच्या बसला येऊन बसली.

तिचं वय अठ्ठेचाळीस. लग्न होऊन कारध्याला आली तेव्हापासून रोज वैनगंगेचा पूल ओलांडून ती भंडाऱ्यात कामाला जायची. वीस वर्षं खासगी पॅथॉलॉजीत गेली. लघवीच्या बाटल्या, थुंकीच्या डब्या, साखरेची तपासणी, आणि सकाळी उपाशीपोटी रांगेत बसलेल्या लोकांच्या शिरा. शीर शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वाळलेल्या म्हाताऱ्यांच्या हातातूनही ती पहिल्याच टोचणीत रक्त काढायची. पण नोकरी कुठंच पक्की झाली नाही. मालक बदलायचे, बोर्ड बदलायचे, चंदा तीच.

मग नागपूरच्या एका संस्थेचं कंपवातावरचं संशोधन भंडाऱ्यात आलं. त्यांना गावागावांत जाऊन रक्त घेणारं माणूस हवं होतं. एका कॉलेजच्या मागच्या दोन खोल्यांत केंद्र निघालं, दारावर पाटी लागली, आणि गावची माणसं तिला मॅडम म्हणायला लागली.

काम बारकाव्याचं होतं. आपल्या शरीरात कायनेज नावाची प्रथिनं असतात. दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण उमटवणं हे त्यांचं काम. त्यातलं एक कायनेज कंपवाताच्या काही रोग्यांत गरजेपेक्षा जास्त जोरानं चालतं. ते किती जोरानं चालतंय हे थेट दिसत नाही, म्हणून त्यानं उमटवलेल्या खुणा मोजायच्या. त्या मोजायच्या पांढऱ्या पेशींतल्या एका जातीत, आणि रक्त बाहेर आलं की घड्याळ सुरू. तीन तासांच्या आत जीपनं भंडारा गाठायचं, चुंबकाच्या मदतीनं त्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांचे दोन भाग करायचे. एका भागात कायनेज बंद पाडणारं औषध घालायचं, दुसरा तसाच ठेवायचा. मग दोन्ही फोडून गोठवायचे. महिन्यातून एकदा चंदा ते गोठलेले नमुने बर्फाच्या पेटीतून नागपूरला न्यायची आणि तिथं आठवडाभर राहून स्वतः मोजणी करायची. प्रथिनं जेलच्या थरातून विजेनं सरकवायची, तिथून पातळ पडद्यावर उतरवायची, त्यावर ती खूण तेवढी ओळखणारं द्रव्य सोडायचं. शेवटी पडद्याच्या फोटोत काळ्या पट्ट्या उमटायच्या. पट्टी जितकी गडद, तितकं कायनेज जोरात. औषध घातलेल्या भागाची पट्टी फिकी यायची. दोन्हींतला फरक हे खरं उत्तर.

भंडाऱ्याच्या नमुन्यांत मात्र दोन्ही पट्ट्या सारख्याच फिक्या यायच्या. नुसत्या फिक्या नव्हे, ओल्या बोटानं पुसल्यासारख्या खाली ओघळलेल्या. शेजारच्या रांगेतले नागपूरचे नमुने काळेभोर.

पहिल्यांदा तिला वाटलं आपलंच चुकतंय. जीप उशिरा पोचत असेल, बर्फ कमी पडत असेल. तिनं मिनिटं लिहून ठेवली, बर्फ दुप्पट केला. पट्ट्या तशाच. मग तिनं परदेशातून आलेली मूळ पद्धत डिक्शनरी घेऊन ओळीओळीनं वाचली आणि सातव्या पायरीवर थांबली. या पांढऱ्या पेशी जंतू खाण्यासाठीच असतात. फोडल्या की त्यांच्या पोटातली पाचकं मोकळी सुटतात आणि जे मोजायचं तेच खाऊन टाकतात. त्यांना आवरणारं एक रसायन फोडण्याआधी घालावंच लागतं. ते जहरी असतं, त्याची वाफ ओढून घेणारं कपाट लागतं. नागपूरला असं कपाट होतं. भंडाऱ्याला नव्हतं, म्हणून सरांनी भंडाऱ्याच्या पद्धतीतून ती पायरीच गाळली होती आणि साधं मिश्रण पाठवलं होतं.

जुलै महिन्यात नागपूरच्या मुक्कामात तिनं रिता नावाच्या विद्यार्थिनीकडून आपलं रक्त काढून घेतलं. त्याच रक्ताचे दोन भाग केले. एकात कपाटाखाली ते रसायन घातलं, दुसऱ्यात भंडाऱ्याचं मिश्रण. दुसऱ्या दिवशी पडदा आला. एक पट्टी काजळासारखी, दुसरी पुसट.

"मॅडम, हे सरांना दाखवा ना!" रिता म्हणाली.

"दाखवते," चंदा म्हणाली.

आणि तिनं दाखवलं नाही. एक वर्षाचा करार होता, तो मार्चमध्ये पुन्हा व्हायचा होता. सरांची चूक सरांच्याच पुढ्यात ठेवणाऱ्या बाईचा करार पुन्हा होत नाही, हे वीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. मार्च होऊ दे, मग सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं. जुलै ते मार्च, आठ महिने. त्या आठ महिन्यांत तिनं सेहेचाळीस माणसांचं रक्त काढलं. प्रत्येक वेळी सुई टोचताना तिला माहीत होतं की हे वाया जाणार.

त्या सेहेचाळिसांत गोपीचंद होता.

लाखांदूरच्या पलीकडे तलावाकाठच्या एका गावात त्याचं घर. जात ढिवराची, उभा जन्म जाळं टाकण्यात गेलेला. नोव्हेंबरात केंद्राचं शिबिर त्या गावात लागलं तेव्हा जाळ्याच्या गाठी मारता येईनात म्हणून तो आला होता. डॉक्टरांनी त्याला चालवून पाहिलं, मनगट वाकवून पाहिलं आणि कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. मग चंदाला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून गोळी न लागलेला पेशंट आहे. असं रक्त फार मोलाचं. पुढची जीप येईपर्यंत थांबवा याला, रक्त झालं की गोळी सुरू करू द्या."

जीप पंधरा दिवसांनी येणार होती.

"बाबाजी, पंधरा दिस डाक्टरनं लिवलेली गोरी खाऊ नका," चंदाने त्याला सांगितलं. "रगत झालं का मंग सुरू करा."

"तरास होऊन रायला ना बाई. भाताचा घास तोंडापावतर येत नाई," गोपीचंद म्हणाला.

"समजते बाबाजी. पन तुमच्या रगतानं मोठं काम होईन."

"माह्या रगतात काय पायता तुमी?"

"एक प्रथिन रायते. ते दुसऱ्यायवर ठप्पे मारते, बैलबाजारात बैलाले मारते ना, तसे. तुमच्या रगतात ते जास्ती ठप्पे मारते का, ते मोजाचं."

गोपीचंद हसला होता. "मारू दे ठप्पे. थांबतो मी."

आणि तो खरंच थांबला. पंधरा दिवसांनी जीप गेली तेव्हा त्याची बायको शकुनबाई त्याला भरवत होती. चंदाने त्याचं रक्त घेतलं, बरोबरीनं त्याचा मुलगा कमलेश याचंही घेतलं, कारण घरातल्या निरोगी माणसाचं रक्त तुलनेला लागायचं. भंडाऱ्याला येऊन तिनं दोन्ही नमुने फोडले, गोठवले. ती पायरी गाळून.

मार्चमध्ये करार पुन्हा झाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं जुलैतल्या पडद्याचा फोटो सरांपुढे ठेवला. सरांनी तो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "छान काम केलंत. हा माझ्याकडे राहू द्या." महिनाभरात भंडाऱ्याला कपाट आलं, रसायन आलं. त्यानंतरच्या पट्ट्या काळ्याभोर आल्या. जुन्यांविषयी कोणी काही बोललं नाही. गोपीचंदचं रक्त पुन्हा घेण्यात अर्थ नव्हता, तो आता दिवसाला चार गोळ्यांवर होता.

आता दीड वर्षानं हिशेब विचारणारं पत्र वरून आलं, आणि हिशेब चंदाच्या नावावर मांडला गेला.

घरी आल्यावर तिनं कागद नवऱ्यापुढे ठेवला. बाबुलाल एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला, चंदाकडून अर्थ समजून घेतला.

"करून टाक सही," तो म्हणाला.

"माही चूक नाही त्यात."

"नसन. पन कोनाले समजते? त्या गावातल्या लोकायले समजते का पट्टी का पुट्टी? सर्टिफिकेट भेटन, दुसरीकडं लागशीन."

"आठ महिने मले मालूम होतं," चंदा म्हणाली. "तेवढी तं माही आहे ना."

बाबुलालनं तिच्याकडे पाहिलं. हे तिनं त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. "काहून नाही बोलली मंग?"

"पाटी होती ना दारावर."

 बाबुलाल चष्मा काढून पुसत बसला.

रविवारी दुपारी चंदाने फुलस्केप कागद घेतले आणि मराठीत लिहायला बसली. कोणती पायरी कोणी गाळली, केव्हा, का. जुलैतल्या कोणत्या तारखेला तिनं स्वतःच्या रक्तावर काय पाहिलं. आणि त्यापुढे, तितक्याच सरळ अक्षरात, की ते पाहिल्यावरही करार जाईल या भीतीनं ती आठ महिने गप्प राहिली आणि त्या काळात सेहेचाळीस लोकांचं रक्त तिनं जाणूनबुजून वाया घातलं. हा परिच्छेद तिनं तीनदा लिहिला. पहिल्या दोनदा त्यात 'नाइलाजानं' असा शब्द आला होता.

सोमवारी सरांनी पहिलं पान वाचलं, बाकीची चाळली.

"स्वतःचंही लिहिलंत यात," ते म्हणाले. "याची गरज नव्हती."

"होती सर."

"हे मी पुढे पाठवू शकत नाही, चंदाताई."

"मला माहीत आहे. तुमच्याकडे असू द्या. तुमच्याकडे माझा तो पट्ट्यांचा फोटोही आहे."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याच आठवड्यात चंदाचं काम सुटलं. महिनाभरानं रिताचा फोन आला : अहवाल गेला, सहीशिवायच. संबंधित तंत्रज्ञ सेवेत नाही, असं त्यात लिहिलं होतं. लॅब चालू होती. पंधराही जण कामावर होते. भंडाऱ्याची पाटी निघाली, भिंतीला चार भोकं राहिली.

त्यानंतर चंदाने जे केलं ते बाबुलालला वेडेपणा वाटला. तिनं तिच्या वहीतून सेहेचाळीस नावं उतरवून घेतली आणि एसटीनं एकेका गावी जायला लागली. दार वाजवायचं, बसायचं, सांगायचं : तुमचं रक्त घेतलं होतं, ते वाया गेलं, मला तेव्हाच माहीत होतं, मी बोलले नाही.

अड्याळला एका बाईनं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या गावात एक म्हातारा हसत सुटला. "रगत तं गेलंच बाई. मच्छर बी पेतेच ना, थो कुटी सांगाले येते!" कितीकांना ती काय म्हणतेय हेच कळलं नाही. त्यांनी चहा पाजला आणि आता तरी रिपोर्ट देणार का म्हणून विचारलं. सात माणसं मेली होती. त्यांच्या घरीही ती बसली.

गोपीचंदचं गाव तिनं लांबवत लांबवत शेवटाला ठेवलं.

ती पोचली तेव्हा तो ओसरीत खाटेवर होता. चेहऱ्यावरचं हसू रोगानं नेलं होतं, डोळे तेवढे ओळखीचे. आवाज इतका बारीक झालेला की शकुनबाई कान लावून ऐकायची आणि मोठ्यानं सांगायची. कमलेश आतून खुर्ची घेऊन आला. अडतीस-चाळिशीचा गडी, तलावाच्या मासेमारी सोसायटीत कामाला.

चंदाने सगळं सांगितलं. पंधरा दिवसांचंही सांगितलं.

 मग शकुनबाई उभी राहिली.

"पंधरा दिस मी याले लेकरावानी भरवलं," ती म्हणाली. "गोरी घरात होती. डबीत होती. हा म्हने, नाई, बाईनं सांगतलं हाय, मोठं काम हाय. मी हात जोडले याच्याम्होरं, खाऊन घे म्हनून. नाई खाल्ली यानं! आन तुले मालूम होतं?"

"हव," चंदा म्हणाली.

"आमचं रगत का पानी होय व बाई? आमी गरीब, जातीचे ढिवर, म्हनून का?"

"माय, मीही तुमच्यातलीच. आमच्याही घरचे लोक मजुरीच करत आले."

"मंग तं तुले जास्ती लाज वाटाले पायजे होती," शकुनबाई म्हणाली.

 चंदाने मान खाली घातली. माफी मागायचे शब्द ती घरोघरी सोबत घेऊन फिरली होती, इथं ते तोंडातून निघेनात.

गोपीचंदचे ओठ हलले. शकुनबाई रागातच वाकली, ऐकलं, आणि सरळ झाली.

"काय म्हनते?" कमलेशनं विचारलं.

"म्हनते, आता त् काम बराबर झालं का म्हना. बाकीच्यायचं."

"झालं बाबाजी," चंदा म्हणाली. "नंतरच्या लोकायचं बराबर झालं."

गोपीचंदनं डोळे मिटले. त्यानं माफ केलं की तो नुसता थकला, हे त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. चंदा उठली. शकुनबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही, चहाचंही विचारलं नाही. तिला ते बरंच वाटलं.

"चला, मी स्टॉपवर सोडून देतो तुमाले," कमलेश म्हणाला. "चारची बस हाय, मंग डायरेक्ट सहाची."

रस्ता तलावाच्या पाळीवरून होता. खाली पाण्यात शिंगाड्याची पानं पसरलेली, पलीकडे धानाच्या बांध्या कापून मोकळ्या पडलेल्या. पाळ अरुंद म्हणून कमलेश पुढे आणि चंदा मागे. तो बोलत होता : "मायचं मनावर नका घेऊ, ताई. थे आजकाल सबनवरच चिडते. मलेबी म्हनते, तू हळू झाला, आळशी झाला."

चंदा ऐकत होती, आणि पाहता पाहता तिचं ऐकणं थांबलं.

पुढे चालणाऱ्या कमलेशचा उजवा हात चालीबरोबर मागेपुढे हलत होता. डावा हलत नव्हता. कोपरात किंचित वाकून तो अंगाशी तसाच लटकलेला होता. हात कापायला लागण्याच्या कितीतरी आधी चालताना तो झुलायचा थांबतो, हे तिनं शिबिरांमधून शंभर माणसांत पाहिलं होतं. दहा पावलं ती आपली चूक होते का ते पाहत राहिली. वीस पावलं. त्यानं बिडी काढली ती उजव्या हातानं, काडी ओढली तीही उजव्याच. डावा हात जागचा हलला नाही.

याचंही रक्त तिनं घेतलं होतं. निरोगी म्हणून.

पाळ संपून डांबरी रस्ता लागला. लाखांदूरकडे जाणारी बस येताना दिसली. कमलेशनं उजवा हात वर केला.

"कमलेशभाऊ," चंदा म्हणाली, "जाऊ द्या तिले."

"काहून? सहापावतर दुसरी नाई ना ताई."

"जाऊ द्या. बसा इथं घडीभर. मले तुमाले काई सांगाचं हाय. मी डाक्टर नाही, माहं चुकीचंही असू शकते. पन सांगाचं हाय."

बस समोर येऊन मंदावली. कंडक्टरनं दारातून वाकून पाहिलं, कोणी हललं नाही तशी घंटी मारली. बस गेली. दोघं स्टॉपच्या सिमेंटच्या ओट्यावर बसले. चंदाने त्याला विचारलं की सदऱ्याची बटनं लावताना वेळ लागतो का, आणि हा डावा खांदा सकाळी आखडतो का.

 कमलेशनं बिडी विझवली. मग आपला डावा हात त्यानं उजव्या हातानं उचलला आणि मांडीवर ठेवून दिला.